१,८०० वर्षे ऐकायला कोण बसणार?

२०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आपल्या देशाला कान लावायला घेतले. वाळवंट, गवताळ प्रदेश, निलगिरीची जंगले, वर्षावने अशा सगळ्या प्रकारांतून ९० ठिकाणे निवडली. प्रत्येक ठिकाणी चार ध्वनिमुद्रक : दोन पाण्याच्या आसपास, दोन कोरड्या जागी. एकूण ३६०. वीज सूर्याची आणि काम एकच. पाच वर्षे रात्रंदिवस, मध्ये न थांबता, जे कानावर पडेल ते नोंदवत राहायचे. ‘ऑस्ट्रेलियन अकूस्टिक ऑब्झर्व्हेटरी’ असे या प्रकल्पाचे नाव.

याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. ३६० यंत्रे, प्रत्येकी पाच वर्षे, म्हणजे १,८०० वर्षांचा आवाज. आजपासून १,८०० वर्षे मागे गेलो तर महाराष्ट्रात सातवाहनांची सत्ता मावळत होती. तेव्हापासून कुणी अहोरात्र ऐकत बसले असते, तर या पाच वर्षांच्या नोंदी आता कुठे ऐकून संपल्या असत्या.

माणूस अहोरात्र ऐकू शकत नाही. रोज आठ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर एका वर्षात २,००० तास होतात. इथे तास आहेत १ कोटी ५७ लाख ६८ हजार. म्हणजे नोकरीच्या हिशेबाने ७,८८४ वर्षे. चाळीस वर्षांची नोकरी धरली, तर १९७ माणसांनी तरुणपणी कानाला हेडफोन लावावा, तो थेट निवृत्तीच्या दिवशी काढावा. आणि एवढे करूनही देशाचा केवढा भाग ऐकून होतो? ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६ लाख ९० हजार चौरस किलोमीटर. ९० ठिकाणे म्हणजे ८५ हजार चौरस किलोमीटरमागे एक. त्याच मापाने महाराष्ट्रात यंत्रे लावायची म्हटली, तर सह्याद्री, मराठवाडा, मेळघाट, कोकण आणि गडचिरोली मिळून आपल्या वाट्याला पुरती चार ठिकाणेही येत नाहीत.

उलट बाजूनेही मोजून पाहू. एखाद्या लहान पक्ष्याचा आवाज दाट झाडीत यंत्रापर्यंत साधारण १०० मीटरवरून नीट पोचतो असे धरू. १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे तीन हेक्टरांहून जरासे जास्त. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे १०४ चौरस किलोमीटर अशा वर्तुळांनी भरायचे, तर सुमारे ३,३०० यंत्रे लागतील. महाराष्ट्राचे जंगल सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर आहे. त्याला लागतील १६ लाख. म्हणून शहाण्या संशोधकाला सगळीकडे यंत्रे लावण्याची हाव नसते. तो नेमकी जागा शोधतो. ती जागा कुठली, हे यंत्राला कळत नाही, तिथल्या माणसाला कळते.

आवाज साठवायलाही जागा लागते. ध्वनी हा हवेचा कंप. तो अंकांत पकडायचा तर कंपाच्या जास्तीत जास्त वेगाच्या दुपटीने नमुने घ्यावे लागतात. माणसाला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्या दर्जाने एक यंत्र दिवसाला साडेसात जीबीहून जास्त आणि वर्षाला पावणेतीन टेराबाइट भरते. हे झाले आपल्या कानांपुरते. वटवाघळे ऐकायची असतील तर सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेणारी यंत्रे वापरतात. ती सलग चालू ठेवली तर एका दिवसात ६६ जीबी. पावसाळ्यात चार महिने जंगलात जाता येत नाही असे ठिकाण असेल, तर तेवढ्या मेमरी कार्डांची तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

आवाजांची ही पट्टी किती रुंद आहे, हे कळले की माणसाचा कान किती तोकडा ते कळते. मध्य आफ्रिकेतल्या वनहत्तीचा घुमारा १४ हर्ट्झपर्यंत खाली जातो. आफ्रिकेतल्याच काही वटवाघळांची किंचाळी २ लाख हर्ट्झच्याही वर. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत १४ हजार पटींचा फरक. तो लहरींच्या लांबीत पाहिला तर आणखी स्पष्ट होतो. हत्तीच्या घुमाऱ्याची एक लहर हवेत सुमारे २४ मीटर लांब असते, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. वाटेतली झाडे तिला अडवत नाहीत. ती त्यांना वळसा घालून किलोमीटरच्या किलोमीटर पुढे जाते. वटवाघळाची लहर पावणेदोन मिलिमीटरची. ती डासावर आपटूनही परत येते, म्हणून अंधारात डास सापडतो. पण हवा तिला काही मीटरांतच गिळून टाकते. ज्याला दूरच्या नातलगांना साद घालायची आहे, त्याने खालचा सूर धरला. ज्याला हातभर अंतरावरचा किडा टिपायचा आहे, त्याने वरचा.

हत्तींचा हा घुमारा माणसाला बराच काळ माहीतच नव्हता. १९८४ मध्ये केटी पेन या अमेरिकी संशोधिका ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपाशी उभ्या होत्या. कानांना काही ऐकू येत नव्हते, पण हवेत काहीतरी धडधडते आहे असे त्यांना अंगावर जाणवत होते. नंतर ध्वनिमुद्रण वेगाने वाजवले, तेव्हा सूर वर चढला आणि हत्तींचे बोलणे ऐकू आले. त्यातूनच १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘एलिफंट लिसनिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. आज काँगोतल्या नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यानात १,२५० चौरस किलोमीटरवर ५० ध्वनिमुद्रकांचे जाळे आहे, दर २५ चौरस किलोमीटरला एक. तिथले झाडांचे छत इतके दाट की विमानातून हत्ती मोजता येत नाहीत आणि जमिनीवरून चालताना वीस पावलांवरचा हत्ती दिसत नाही. पण तो बोलतो. या वनहत्तींची संख्या २००२ ते २०११ या काळात ६२ टक्क्यांनी घटली. २०२१ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्या ५० कानांवर हत्तीच्या घुमाऱ्याबरोबर शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बारही पडतात. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, रात्री किती वाजता बार झाले हे वनरक्षकांना कळते, आणि गस्त त्या हिशेबाने लावता येते. माझ्या मते या सगळ्या विद्येचा सर्वांत थेट उपयोग हाच.

जमिनीवरचे आकडे समुद्रापुढे किरकोळ वाटतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १,५००. शिवाय समुद्रात काहीशे मीटर ते एक किलोमीटर खोलीवर एक थर असा असतो, की त्यात शिरलेला आवाज वर-खाली न पसरता आडवाच वाहत राहतो. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्थजवळ समुद्रात स्फोट केले. ते पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला, अटलांटिकमधल्या बर्म्युडाला ऐकू आले. अंतर सुमारे २० हजार किलोमीटर आणि प्रवास पावणेचार तासांच्या आसपास. निळा देवमासा ज्या सुरात गातो तो १७ हर्ट्झच्या जवळपास. त्या सुराची पाण्यातली एकच लहर जवळजवळ ९० मीटर लांब, म्हणजे खुद्द देवमाशाच्या तिपटीहून जास्त. शीतयुद्धात अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुड्या हेरण्यासाठी समुद्रतळावर कान पसरून ठेवले होते. युद्धाचे दिवस सरल्यावर ते शास्त्रज्ञांना वापरायला मिळाले. १९९३ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी त्यावर एकाच निळ्या देवमाशाचा तब्बल ४३ दिवस माग काढला. कुणी त्याला पाहिले नाही. फक्त ऐकले.

हिंदी महासागराची गोष्ट तर आपल्या अंगणातली. अणुचाचणीबंदी कराराखाली जगभर जी टेहळणी केंद्रे उभी राहिली, त्यांतली काही पाण्याखाली ऐकतात. त्यांतले एक चागोस बेटांमधल्या दिएगो गार्सियापाशी आहे. त्या केंद्राचे काम चोरून केलेल्या अणुस्फोटाची चाहूल घेणे. पण समुद्राखालचा कान ऐकताना निवड करत नाही. बॉम्बच्या शोधात साठवलेल्या जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चाळल्या. त्यांत एक वेगळेच गाणे वर्षानुवर्षे येत होते. ते ठेंगण्या निळ्या देवमाशांच्या तोवर अज्ञात असलेल्या एका समूहाचे होते. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यांना ‘ठेंगणे’ म्हणतात, पण त्यांची लांबी २४ मीटरपर्यंत जाते. इतके मोठे जनावर, आणि अख्खा समूह माणसाच्या नजरेतून निसटलेला. त्याच सुमारास दिव्या पणिक्कर यांनी लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटापाशी पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवले आणि तिथेही निळ्या देवमाशांचे गाणे नोंदले गेले. आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा जिवंत येऊन लागला आणि तिथेच मेला, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. आपला समुद्र या जनावराचा आहे हे आपल्याला अशा वेळीच आठवते. खरे तर तो किनाऱ्यापासून दूर आपल्याच पाण्यात गात असतो.

आता पुन्हा त्या १,८०० वर्षांकडे येतो. १९७ माणसे आयुष्यभर बसवता येत नाहीत, म्हणून हे काम यंत्राकडे जाते. जर्मनीतल्या केम्निट्झ तंत्रविद्यापीठाने आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलने मिळून ‘बर्डनेट’ नावाची प्रणाली तयार केली. २०२१ मध्ये तिला ९८४ जाती ओळखता येत होत्या. पुढे हा आकडा ६ हजारांच्या पलीकडे गेला. ती आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचे चित्र पाहते. होय, ऐकत नाही, पाहते. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर सूर चढतो, आणि आवाज जितका मोठा तितका ठसा गडद.

मे महिन्याच्या अखेरीस सह्याद्रीतल्या एखाद्या पहाटेचे असे चित्र समोर घ्या. मध्यावर आडवा, सलग, काळसर पट्टा आहे, तो रातकिड्यांचा. त्याच्या खाली तीन-तीन ठशांचे जिने दिसतात, प्रत्येक जिना आधीच्यापेक्षा थोडा वर, आणि मग एकदम तुटलेला. तो पावशा, ज्याला आपण ‘पेरते व्हा’ म्हणताना ऐकतो. आणखी खाली एकसारख्या अंतरावर एकसारखे ठिपके. तो तांबट, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एकच ठोका देणारा. अगदी तळाशी धुरकट डाग सरकत जातो तो घाटातल्या ट्रकचा. ज्याची जागा जिथे, तिथे त्याचा ठसा. सहसा कुणी दुसऱ्याच्या पट्टीत शिरत नाही. निसर्गाचे आवाज नोंदवणारे अमेरिकेतले बर्नी क्राउस यांनी मांडलेली कल्पना हीच आहे, की जुन्या, न मोडलेल्या जंगलात प्रत्येक जीव आवाजाच्या पट्टीत आपली जागा राखून असतो.

पण १,८०० वर्षांचे तीन सेकंदांचे तुकडे किती होतात? १,८९२ कोटी. समजा, यंत्र अत्यंत हुशार आहे आणि शंभरांत एकदाच चुकते. तरी चुकीचे तुकडे १८ कोटी ९२ लाख. ते नुसते एकेकदा ऐकून तपासायचे म्हटले तरी एका माणसाची ७९ वर्षांची नोकरी त्यात जाईल.

दुर्मीळ जीव असेल तर गणित अधिकच अवघड होते. समजा, या सगळ्या ढिगात एखादा पक्षी फक्त १०० तुकड्यांत बोलला आहे, आणि यंत्र इतके सावध आहे की दहा लाखांत एकदाच दुसऱ्याच आवाजाला त्याचे नाव देते. तरी खोट्या नोंदी होतात जवळपास १९ हजार, आणि खऱ्या शंभर. म्हणजे यंत्राने ‘सापडला’ म्हणून सुमारे १९० वेळा हाक मारावी, तेव्हा एकदा तो खरोखर असतो. आपल्याकडच्या जंगलात तर नकलाकार भृंगराज आहे. तो शिक्रा, हळद्या, धनेश, कुणाचाही आवाज काढतो. अनुभवी माणसालाही तो चकवतो, मग यंत्राची काय कथा. म्हणून अशा नोंदी डोळे झाकून छापणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. शेवटी कुणीतरी जाणत्या माणसाने तो तीन सेकंदांचा तुकडा ऐकून ‘होय, तोच’ म्हणावेच लागते.

हे नीट जुळून आले की काय होते त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातच आहे. ‘नाइट पॅरट’ नावाचा एक निशाचर पोपट तिथे नाहीसाच झाला असे जवळजवळ सगळ्यांनी धरले होते. २०१३ मध्ये तो पश्चिम क्वीन्सलंडमध्ये पुन्हा सापडला आणि त्याचा आवाज हाती आला. मग आवाजावरून शोध सुरू झाला. ग्रेट सँडी वाळवंटातल्या ङुरुर्पा समाजाच्या मूलनिवासी वनरक्षकांनी शास्त्रज्ञांबरोबर २०१८ ते २०२३ या काळात ३१ ठिकाणी ध्वनिमुद्रक लावले. पाणी कुठे, जुने स्पिनिफेक्स गवत कुठे, आग कुठे लागून गेली, हे त्यांना ठाऊक होते. ३१ पैकी १७ ठिकाणी पोपट बोलला. तिथे पन्नासपर्यंत पक्षी असावेत असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या जातीचा माहीत असलेला तो सर्वांत मोठा समूह. ९० ठिकाणांच्या राष्ट्रीय जाळ्याला जे साधणे कठीण, ते ३१ ठिकाणच्या यंत्रांनी आणि ती भूमी पायाखालची असलेल्या माणसांनी केले.

यातली एक अट सहज नजरेआड होते. ज्याचा आवाज आधी कुणी नोंदवलाच नाही, त्याला यंत्र शोधू शकत नाही. आपला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षे कुणाच्या नोंदीत नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना दिसला. त्यांच्याकडे संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचे वर्णन होते, आवाज नव्हता. त्याचा आवाज कसा, हे त्यानंतर नोंदवले गेले. आज तो आवाज हाती आहे म्हणून सातपुड्यात किंवा तानसाच्या जंगलात यंत्र लावून त्याला शोधता येतो. पण नाव, आकार, रंग माहीत असूनही ज्यांचा आवाज कुणी जपून ठेवलेला नाही असे बेडूक, नाकतोडे आणि वटवाघळे अजून पुष्कळ आहेत. यंत्रांना शिकवलेले आवाज मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतले. आपल्या जंगलात ती अडखळतात याचे कारण तंत्रात नाही, आपल्या नोंदींच्या तुटपुंजेपणात आहे. पश्चिम घाटातून २०१७ मध्ये रातबेडकांच्या सात नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांतल्या चार तर अंगठ्याच्या नखावर बसतील एवढ्या चिमुकल्या. त्यांना वेगळे ठरवताना त्यांच्या आवाजाचाही आधार घेतला गेला. एवढे लहान जीव पालापाचोळ्याखाली डोळ्यांना सापडणे दुरापास्त.

गंमत अशी की पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच आपल्याकडच्या पक्ष्यापासून झाली. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने घरी पाळलेल्या भारतीय शामाचे गाणे एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर घेतले. पक्ष्याच्या आवाजाची ती सर्वांत जुनी ज्ञात नोंद. शामा आपल्या सह्याद्रीत, तळकोकणात, गोव्यात आजही गातो. पुढे १९३५ मध्ये कॉर्नेलच्या आर्थर ॲलन यांची तुकडी लुइझियानाच्या दलदलीत आयव्हरी-बिल्ड सुताराचा आवाज घ्यायला गेली, तेव्हा सामान इतके जड होते की ते खेचरांच्या गाडीवर लादून न्यावे लागले. हाती आली ती काही मिनिटे. त्या पक्ष्याची वादातीत अशी ध्वनिमुद्रणे तेवढीच. १९४४ नंतर तो सर्वमान्य पुराव्यानिशी दिसलेला नाही. आज ‘ऑडिओमॉथ’ नावाचे यंत्र बॅटऱ्यांसकट सुमारे ८० ग्रॅमचे आहे, काडेपेटीहून जरा मोठे, आणि वटवाघळेही पकडते. खेचरांच्या गाडीपासून ८० ग्रॅमपर्यंत यायला शंभर वर्षेही लागली नाहीत. मात्र त्या मधल्या काळात जे गप्प झाले, ते या ८० ग्रॅमला आता कधीच मिळणार नाही.

क्राउस यांनी हे एका कुरणावर दाखवले. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात लिंकन मेडो नावाची जागा आहे. १९८८ मध्ये त्यांनी तिथली पहाट नोंदवली. त्यानंतर तिथे निवडक वृक्षतोड झाली. इथेतिथे काही झाडे काढली, बाकी जंगल जसेच्या तसे, असे सांगण्यात आले. एक वर्षाने त्याच महिन्यात, त्याच वेळी त्यांनी पुन्हा नोंद केली. छायाचित्रात फरक दिसत नव्हता. आवाजात मात्र पक्षी जवळजवळ नव्हतेच. ओढ्याचा आवाज आणि एका सुताराची ठकठक. क्राउस नंतरही कित्येक वर्षे तिथे जात राहिले आणि पूर्वीची पहाट परत आली नाही असे त्यांनी सांगितले. त्यांच्या संग्रहात ५ हजारांहून अधिक तासांचे आवाज आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जागा इतक्या बदलल्या आहेत की तसे आवाज आता तिथे ऐकू येत नाहीत.

२०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हाच प्रश्न दोन खंडांना लावला. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या २ लाखांहून अधिक ठिकाणांच्या पक्षिगणनांचे २५ वर्षांचे आकडे घेतले आणि त्या त्या वर्षी तिथे जे पक्षी होते त्यांचे आवाज एकत्र करून त्या वसंतांच्या पहाटा पुन्हा रचल्या. वर्षामागून वर्ष त्या फिक्या आणि एकसुरी होत गेल्या. अमेरिका आणि कॅनडात मिळून १९७० नंतर सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले हे २०१९ च्या अभ्यासाने दाखवले होते. त्या आकड्याचा आवाज असा. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. संशोधकांना जुन्या पहाटा रचाव्या लागल्या, कारण तेवढ्या ठिकाणी त्या खऱ्याखुऱ्या कुणी नोंदवून ठेवल्याच नव्हत्या.

उलट, जिथे जंगल पुन्हा वाढवले जाते तिथे आवाज परत येतो का, हेही आता मोजता येते. तमिळनाडूत अनमलाईच्या डोंगरात वालपराईच्या परिसरात चहा-कॉफीच्या मळ्यांमधले जंगलाचे तुकडे ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’ने वर्षानुवर्षे झाडे लावून सावरले. विजय रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ध्वनिमुद्रक लावून तीन प्रकारच्या जागा ऐकल्या : जुने अभंग जंगल, लावून वाढवलेले, आणि आपोआप वाढू दिलेले. लावून वाढवलेल्या जंगलाचा आवाज जुन्याकडे सरकलेला दिसला, पण तिथवर पोचलेला नाही. विशेषतः वरच्या पट्टीत, जिथे कीटक बोलतात, तिथे जुन्या जंगलाची बरोबरी अजून नाही. झाडांची संख्या मोजून ‘जंगल झाले’ असे जाहीर करणाऱ्या प्रत्येक योजनेला ही कसोटी लावायला हवी. रोपे किती जगली एवढेच विचारून भागत नाही. तिथे आता रात्री कोण बोलते, हेही विचारायला हवे.

आपल्याकडे अजून एक गोष्ट व्हायची राहिली आहे. तुमच्या गावच्या देवराईतली १९८५ सालच्या एखाद्या जूनमधली पहाट कुणाकडे टेपवर आहे का? माळावरची, खाडीकाठच्या तिवरांतली, तळ्याकाठची? असेल तर ती कॅसेट आजच शोधा आणि संगणकावर उतरवून घ्या, कारण टेपवरची चुंबकीय भुकटी दिवसागणिक झडते. नसेल तर निदान आजची पहाट पुढच्यांसाठी ठेवा. त्याला ३६० यंत्रे लागत नाहीत. खिशातल्या फोनचा रेकॉर्डर पुरतो. वटवाघळे आणि हत्ती त्यात येणार नाहीत, पण दयाळ, पावशा, तांबट, टिटवी, रातवा, बेडूक, रातकिडे सगळे येतात. पहाटे उजाडण्याच्या अर्धा तास आधी एक ठरावीक जागा धरा. सुरुवातीला ठिकाण, तारीख, वेळ आणि हवामान स्पष्ट बोला. मग फोन खाली ठेवून दहा मिनिटे गप्प राहा. ओळख पटली नाही तरी चालेल, मागाहून कुणीतरी पटवेल. दर महिन्याला एकदा, त्याच जागी, त्याच वेळी. आवाज ‘झेनो-कँटो’ किंवा ‘ईबर्ड’वर चढवा. तिथे कुणीही सामान्य माणूस नोंद देऊ शकतो आणि ती जगभरच्या अभ्यासकांना मिळते. आजोबा-आजी, गुराखी, कातकरी किंवा ठाकर शेजारी यांना सोबत घ्या आणि कोणता आवाज कुणाचा हे त्यांच्या तोंडून त्याच ध्वनिमुद्रणात येऊ द्या. जंगलात फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. घरटे सोडून तो त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतो. फक्त ऐका आणि नोंदवा. रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी पहिली नोंद झालेली असू द्या.